एक की नऊ

सकाळी अकरापर्यंत लॅपटॉप तग धरतो.
मग पंखा घरघरतो, कळफलकाखाली तवा तापतो
आणि बेसा-पिपळ्याच्या अर्ध्या लेआउटवर,
प्लॉट नंबर त्रेचाळीसची हद्द ओढता ओढता,
पडदा काळा.
बाहेर सेहेचाळीस. नवतपा.
मानेवाड्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा
सावली बदलायला उठत नाही.

मी लॅपटॉप पालथा घालते.
मागचे आठ स्क्रू
(सातच; एक फरशीच्या फटीत गेला तो गेला)
खोकल्याच्या औषधाच्या झाकणात ठेवते,
च्युइंगमच्या पट्टीएवढी हिरवी ड्राइव्ह
तिरकी करून ओढते.
कोमट असते. हातात घ्यावी
तर काहीच वजन नाही.
आणि माझी चार वर्षांची मोजणी,
न मिळालेल्या बिलांची यादी,
आईच्या शेवटच्या रिपोर्टांचा फोल्डर,
सगळं मुठीत घेऊन
मी जिना उतरते.

खाली बाबांचा जुना डेस्कटॉप
कूलरच्या तोंडासमोर बसलेला,
एका कुशीचा पत्रा कायमचा काढलेला.
सीताबर्डीच्या निखाडेनं त्यात अडॅप्टर बसवून दिलंय.
"एका जिवाचे दोन देह करून राहिले तुम्ही,
दुसरी ड्राइव्ह घ्या ना, ताई."
पैसे मोजून मी म्हटलं होतं, बघू.

बटण दाबलं की ड्राइव्ह दचकते.
हा मदरबोर्ड तिचा नाही.
वर लॅपटॉपमध्ये ती कधी काही विचारत नाही,
इथं रोज निळी पडते
आणि अठ्ठेचाळीस आकडे मागते.
सहा-सहाचे आठ गट.

आकडे बाबांच्या दुधाच्या डायरीत आहेत.
पहिल्याच दिवशी त्यांनी उतरवून घेतलेले,
देवनागरीत, शाईच्या पेनानं.
वेकोलीत तीस वर्षं पगारपत्रकं केलेला हात,
पण आता थरथरतो,
आणि त्यांचा एक
शेपटी किंचित वळली की नऊ होतो.

"दोन पाच आठ चार," मी म्हणते,
"पुढे एक की नऊ, बाबा?"

ते डायरी डोळ्यांजवळ नेतात, मग लांब.
स्वतःचंच अक्षर
परक्याच्या सहीसारखं न्याहाळतात.
मग डायरी मिटतात.
"शेवटी दोन आहे ना? थांब.
दोन न् आठ दहा, एक घातला, अकरा.
इकडे पाच, चार, दोन. अकरा.
अकरातून अकरा गेले. सुटले.
नऊ घातले तर आठ उरतात.
एकच हाय तो. लिही."

मला हे ठाऊक नव्हतं,
की प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो.
त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.
एका दुपारी, लाइट गेलेली असताना,
खाटेवर पडल्या पडल्या
त्यांनी आठही गट भागून पाहिले होते.
बाकी शून्य येईना असा एकही नाही.
"कोणीतरी हिशेबी माणूस असेल," म्हणाले,
आणि कूस बदलली.

कुलूप उघडतं.
डेस्कटॉपच्या रुंद पडद्यावर
सगळे आयकॉन डावीकडे गोळा झालेले,
नव्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे भिंतीला धरून.
त्रेचाळीस नंबरची रेघ
जिथं तुटली होती तिथून मी पुढे ओढते.
कूलरचे तुषार मानेवर,
खसाचा वास, मागे बाबांचं घोरणं.

रात्री परत वर. गच्चीवर सतरंजी,
लॅपटॉपला दोन तासांची बॅटरी,
तिकडे कुणी काही विचारत नाही.

निखाडे परवा म्हणाला,
"ते लॉक काढूनच टाका न जी, दोन मिनिटांचं काम."
माहीत आहे.
आकडेही आता पाठ आहेत मला,
अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.

आज पाचव्या गटाशी थांबले.
"बाबा," म्हटलं, "हा सात आहे की..."
खाट करकरली.
"आण इकडे," ते म्हणाले,
"चष्मा कुठं ठेवला मी?"